चालणं आणि नांदणं

"यावर लिनक्स चालेल का?" छोटा मदरबोर्ड हातात धरून हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत. (लिनक्स म्हणजे खुली ऑपरेटिंग सिस्टिम.) उत्तर ठरलेलं: "चालेल की!" यात लबाडी नसते. 'चालेल' हा शब्दच आपल्याकडे इतका सैल आहे की त्यात काहीही मावतं. चहात साखर कमी आहे, चालेल. पाहुणे आज नाही उद्या येतील, चालेल. काउंटरवरच्या बोर्डाला पेनड्राइव्ह लावला, काळ्या पडद्यावर चार ओळी सरकल्या, लॉगिन आलं. चाललं की!

पण कमी वीज खाणारे हे छोटे बोर्ड चार ओळींसाठी कुणी घेत नाही. ते घेतले जातात ते माळ्यावर, टीव्हीमागे, दुकानाच्या गल्ल्याखाली वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी. कुठे राउटर म्हणून, कुठे फाइली साठवायला, कुठे कॅमेऱ्यांचं चित्रण ठेवायला. त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही, आणि दिवे गेले-आले तरी त्यांनी आपले आपण उठून कामाला लागायचं. याला मराठीत वेगळं क्रियापद आहे: नांदणं. बोर्ड चालतो की नाही हे दहा मिनिटांत कळतं. नांदतो की नाही हे कळायला निराळी परीक्षा लागते, आणि ती बहुतेक जण नेमकी उलटी घेतात.

परीक्षेआधी बोर्ड हातात घेऊन वाचावा. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७ सेंटीमीटर बाय १७, वीतभरसुद्धा नाही. व्हिया या तैवानी कंपनीने २००१ मध्ये आणलेलं हे माप अजून टिकून आहे. मधोमध उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक, त्याखाली प्रोसेसर सोल्डर करून बसवलेला. बदलायची सोय नाही. नेटवर्कच्या जॅकमागे नखाएवढी चौकोनी चिप दिसते आणि तिच्या शेजारी चंदेरी क्रिस्टल, त्यावर बहुधा २५.००० असं कोरलेलं. या चिपवर बोर्डाचं अर्धं भवितव्य ठरतं. पाठीवर खेकडा छापलेला असेल तर ती रिअलटेकची. कडेला चारी बाजूंनी पाय असलेली मोठी चिप, तिच्यावर आयटीई किंवा नुव्होटॉन असं नाव, ती सुपर आयओ: पंखा, तापमान, सिरियल पोर्ट तिच्या ताब्यात. आणि आठ पायांची एक बारकी चिप, तिच्यात बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा मूळ प्रोग्राम.

खोक्यावरच्या नावाला यात किंमत नाही. एकाच नावाचा बोर्ड पुढच्या आवृत्तीत वेगळी नेटवर्क चिप घेऊन येतो आणि खोकं तेच राहतं. म्हणून दुकानात नाव विचारू नये, नंबर विचारावा. दुकानदार मोकळा असेल तर डेबियनचा (हे लिनक्सचं एक वितरण) लाइव्ह पेनड्राइव्ह लावून 'एलएसपीसीआय' चालवावा, पुढे वजा चिन्ह, दोन एन आणि एक के. (आज्ञा इथे नागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलात अर्थातच रोमन.) प्रत्येक चिपपुढे चार-चार अंकांची एक जोडी येते. पहिले चार बनवणाऱ्याचे, दुसरे चार त्या चिपचे. ८०८६ म्हणजे इंटेल. जुन्या प्रोसेसरचं नाव कंपनीने आपला कुलक्रमांक करून ठेवलं आहे. ८०८६:१५३३ दिसलं तर इंटेल आय२१०, निर्धास्त व्हावं. १०ईसी:८१६८ म्हणजे रिअलटेकची एक गिगाबिटवाली, १०ईसी:८१२५ म्हणजे तिचीच अडीच गिगाबिटवाली धाकटी बहीण. जोडीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, त्या चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारा प्रोग्राम) आहे. नसेल तर दुकानदाराचं 'चालेल' त्या चिपपुरतं रद्द. सगळ्या पडद्याचा फोटो काढून घरी यावं आणि ते आकडे शोधावेत. बोर्डाच्या नावाने शोधलं तर जाहिराती मिळतात, आकड्यांनी शोधलं तर माहिती.

प्रोसेसर स्वतः अडचण करतो असं क्वचितच होतं, पण झालेलं आहे. व्हियाच्या सुरुवातीच्या बोर्डांवर सी३ हा प्रोसेसर असे. त्याच्या आधीच्या पिढ्यांत 'सीमूव्ह' ही एक सूचना नव्हती. ती असणं पुस्तकी नियमाने ऐच्छिक होतं, पण ६८६ वर्गासाठी (५८६ हा त्याच्या आधीचा) बांधलेले प्रोग्राम ती आहेच असं धरून चालत. परिणाम असा की ६८६ची प्रत घातली तर काहीही न बोलता बंद, ५८६ची घातली तर सुरळीत. डेबियनने आवृत्ती ९ मध्ये, म्हणजे २०१७ साली, ५८६ वर्गाला निरोप दिला. आवृत्ती १३ पासून तर ३२ बिटी यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. त्यामुळे भंगारातून आलेला, इंटेलच्या ३२ बिटी अॅटम एन२७० चा बोर्ड आज ओपनबीएसडी किंवा नेटबीएसडी या बीएसडी घराण्यातल्या खुल्या सिस्टिमांच्या दारात जातो. त्याच्याच वेळचा अॅटम २३० मात्र ६४ बिटी आहे. दिसायला दोघे भाऊ, पण एकाचा रस्ता बंद आणि दुसऱ्याचा उघडा. या म्हाताऱ्या अॅटमांचं एक कौतुक केलं पाहिजे: ते सूचना ओळीने, एकामागून एक उरकतात, पुढचं अंदाजाने आधीच करून ठेवत नाहीत. म्हणून २०१८ च्या सुरुवातीला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षेच्या दोषांनी जगभरचे प्रोसेसर हवालदिल झाले तेव्हा यांच्या केसालाही धक्का लागला नाही. मंद असण्याचे फायदे.

अॅटम २३० ज्या बोर्डावर २००८ मध्ये आला, त्या इंटेलच्या डी९४५जीसीएलएफवर पंखा चुकीच्या ठिकाणी दिसतो. प्रोसेसर फक्त ४ वॅटचा, त्याच्यावर उघडा हीटसिंक. पंखा चिपसेटवर (प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या चिपवर), कारण तो जुना ९४५जीसी त्याच्या पाचपट वीज खात होता. 'कमी विजेचा प्रोसेसर' आणि 'कमी विजेचा बोर्ड' यांतला फरक इतक्या ढळढळीतपणे दुसरा कुठलाच बोर्ड सांगत नाही. खोक्यावरचा वॅटचा आकडा फक्त प्रोसेसरचा असतो. बोर्डाचा आकडा भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावल्यावरच कळतो.

याच सुमारास इंटेलने एक मोठी फसगत केली. ग्राफिक्स स्वतःचं न घालता पॉवरव्हीआर या बाहेरच्या आराखड्याचं उसनं घेतलं. आधी पॉल्सबो चिपसेटमध्ये जीएमए ५०० या नावाने, मग २०११ अखेरच्या सीडर ट्रेल अॅटममध्ये जीएमए ३६०० या नावाने. पाटी इंटेलची आणि आत भाडेकरू. इंटेलचं ग्राफिक्स म्हणजे लिनक्सवर विनासायास, या भरवशावर घेणाऱ्यांना कळलं की इथे खुला ड्रायव्हर केवळ पडद्यावर चित्र उभं करण्यापुरता आहे, व्हिडिओचा वेग विसरा. त्यात एक गंमतीदार दोष. डी२५०० मालिकेच्या बोर्डांवर ड्रायव्हरला एक पडदा दिसतो जो जोडलेलाच नसतो: लॅपटॉपच्या पॅनलसाठी ठेवलेला एलव्हीडीएसचा जोड. सिस्टिम त्या भुताला मुख्य पडदा मानते, आणि समोरचा खरा मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर अडकतो नाहीतर काळाच राहतो. उपाय एका ओळीचा. कर्नलला सुरू होताना 'व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी' असं सांगायचं; शेवटचा डी म्हणजे बंद. पडद्याविना चालणाऱ्या सर्व्हरसाठी हेच बोर्ड मात्र गुणी निघाले. डी२५००सीसी हा पंखा नसलेला, दोन इंटेल नेटवर्क जॅक असलेला, राउटरसाठी जणू मापून शिवलेला. एकाच बोर्डावर एक चिप अपात्र आणि दुसरी अव्वल, म्हणून अख्ख्या बोर्डाला 'सुसंगत' किंवा 'विसंगत' असा एकच शिक्का मारता येत नाही. तुमचं काम कुठल्या चिपवर पडणार हे आधी ठरवावं लागतं.

आता त्या उलट्या परीक्षेबद्दल. बोर्ड आणला की लोक काय करतात? त्याला घाम फोडतात. 'स्ट्रेस' नावाचा प्रोग्राम चोवीस तास चालवतात, चारही कोर शंभर टक्क्यांवर, आणि सकाळी बोर्ड जिवंत दिसला की पास. मोठ्या डेस्कटॉपसाठी ही परीक्षा ठीक आहे, तिथे उष्णता आणि वीजपुरवठा यांचीच भीती. कमी विजेच्या बोर्डाचं मरण मात्र कामात नसतं, विश्रांतीत असतं. कमी वीज खाणं म्हणजे थोडक्यात दर क्षणी झोपून पुन्हा उठणं, सेकंदाला शेकडो वेळा. कोर झोपतो, स्लॉटमधली लिंक (पीसीआयई, चिपा प्रोसेसरला जोडणारी वाट) झोपते, डिस्क झोपते. या प्रत्येक झोपेचा करार हार्डवेअर, बायोस आणि कर्नल असा तिघांत असतो, आणि बिघाड होतो तो या करारात.

इंटेलचा सेलेरॉन जे१९०० हे याचं नामांकित उदाहरण. २०१३ चा बे ट्रेल वंशाचा हा प्रोसेसर, चार कोर, २ गिगाहर्ट्‌झ, १० वॅट. याचे बोर्ड आणि चार जॅकवाल्या पेट्या जगभर लाखमोलाच्या ठरल्या, आणि मग तक्रार सुरू झाली: यंत्र मधेच थिजतं. लोड असताना नाही. रात्री, सगळे झोपल्यावर, काही काम नसताना. लक्षणं ओळखून ठेवण्यासारखी आहेत. पडदा आहे तसा गोठतो आणि कोपऱ्यातलं घड्याळ त्या मिनिटावर थांबतं. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर नाही. कीबोर्डावरचा कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही. पुन्हा सुरू करून 'जर्नलसीटीएल'ला मागच्या खेपेचा वृत्तान्त मागितला तर त्यात पॅनिक (कर्नल कोसळल्याची नोंद) नाही की चूक नाही. वाक्य अर्ध्यावर तुटलेलं. मेलेल्याने चिठ्ठी ठेवलेली नसते, हाच पुरावा. कोर खोल झोपेत जाताना किंवा उठताना अडकतो. उतारा म्हणजे त्याला खोल झोपू न देणं. ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) 'डिफॉल्ट' फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' लिहायचं, 'अपडेट-ग्रब' चालवायचं, यंत्र पुन्हा सुरू करायचं. पुढच्या कर्नलांत हळूहळू दुरुस्त्या आल्या, तरी जुना जे१९०० थिजत असेल तर आजही पहिला प्रयोग हाच.

त्याआधी एक गोष्ट तपासावी, म्हणजे भलत्यालाच दोष दिला जाणार नाही. बे ट्रेलला रॅम लागते ती डीडीआर३एल, शेवटचा एल महत्त्वाचा: १.३५ व्होल्ट. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची, खाचही तीच, बसतेही चपखल. मग बोर्ड एक तर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन कधीतरी कोसळतो. दुकानात जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्या ढिगाने असतात. स्टिकरवर 'पीसी३एल' आहे का ते वाचून घ्यावं. पट्टी बरोबर असेल तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टच्या निदान दोन पूर्ण फेऱ्या, आणि त्यानंतरच झोपेवर संशय.

म्हणून परीक्षा उलटी करा. सिस्टिम टाका, नेटवर्क जोडा, आणि काहीही न करता तीन दिवस सोडून द्या. दुसऱ्या यंत्रावरून दर मिनिटाला पिंग करून वेळेसह फाइलमध्ये लिहीत राहा. मग 'आयपर्फ३' ने तासभर दोन्ही दिशांनी डेटा ढकला, पुन्हा एक दिवस शांतता. भर आणि ओसरी यांच्या सांध्यावर जे तुटायचं ते तुटतं. यात पास झालेल्या बोर्डाबद्दल मग 'नांदेल' म्हणायला हरकत नाही.

झोपेचाच दुसरा रोग नेटवर्क चिपला होतो. 'इंटेल घ्या, रिअलटेक नको' हा सल्ला वर्षानुवर्षं मंत्रासारखा म्हटला गेला, आणि आय२१०च्या काळापर्यंत तो खराही होता. मग अडीच गिगाबिटची आय२२५ आली आणि मंत्र बाटला. तिच्या पहिल्या आवृत्त्यांत अडीच गिगाबिटच्या वेगावर काही स्विचांशी जमत नसे, दोन पाकिटांमधलं अंतर चुकायचं, आणि डेटा गळायचा. दोष सिलिकॉनमधला, तेव्हा ड्रायव्हर बदलून फायदा नाही. एक तर लिंक एक गिगाबिटवर बांधून ठेवायची, नाहीतर बी३ आवृत्तीची चिप मिळवायची. 'एलएसपीसीआय'मध्ये त्या ओळीच्या शेवटी कंसात 'रेव्ह ०३' दिसलं तर ती सुधारलेली. आय२२५ आणि तिच्या पाठची आय२२६ यांच्या बाबतीत लिनक्सच्या लॉगमध्ये आणखी एक ओळ भेटू शकते, 'पीसीआयई लिंक लॉस्ट, डिव्हाइस नाऊ डिटॅच्ड'. म्हणजे चिपची प्रोसेसरकडची लिंक झोपली ती उठलीच नाही, आणि चिप बोर्डावर असूनही कर्नलच्या लेखी नाहीशी झाली. केबल काढून घालण्यात अर्थ नसतो. कर्नलच्या ओळीत 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' देऊन, म्हणजे त्या लिंकची झोप बंद करून, पाहायचं.

रिअलटेकचं उलट झालं. शिव्या खाऊन खाऊन ती लिनक्सवर बरीच सुधारली. ८१२५ ला कर्नल ५.४ पासून आर८१६९ हा आतलाच ड्रायव्हर ओळखतो. सुरू होताना 'आरटीएल_एनआयसी' फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा बारका प्रोग्राम) मिळालं नाही अशी तक्रार दिसली तर डेबियनवर 'फर्मवेअर-रिअलटेक' हे पॅकेज टाकायचं. २०२३ च्या डेबियन १२ पासून असं बंद फर्मवेअर इन्स्टॉलरच्या प्रतीतच येऊ लागलं, ही तत्त्वाला मुरड पण संसाराला सोय. त्याआधी नेटवर्कचं फर्मवेअर आणायला नेटवर्क लागायचं.

बीएसडीवाल्यांचं पंचांग निराळं. ओपनबीएसडीमध्ये ८१२५ साठी 'आरजीई' ड्रायव्हर ६.७ पासून आहे. फ्रीबीएसडीमध्ये आय२२५ चा 'आयजीसी' १३.१ मध्ये आला. त्यामुळे त्या काळात घरची फायरवॉल म्हणून फ्रीबीएसडीवर बेतलेलं ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स टाकायला बोर्ड घेणाऱ्यांची पंचाईत व्हायची: लिनक्सवर जॅक चारही जिवंत, फ्रीबीएसडीवर एकही नाही. चिप कधीची आणि तुमच्या सिस्टिमची आवृत्ती कधीची, हे दोन साल शेजारी लिहून पाहिले की निम्मे प्रश्न खरेदीआधीच सुटतात. आजच्या एन१०० बोर्डांनाही हाच न्याय. हा प्रोसेसर जानेवारी २०२३ चा, डेबियन ११ चा ५.१० कर्नल त्याच्या आधीचा. त्यावर ग्राफिक्स धड चालत नाही म्हणून बोर्डाला नावं ठेवणं अन्याय आहे.

एन१०० बद्दल एक खरेदीची सूचना. त्याला पीसीआयईच्या वाटा मोजून नऊ आहेत. चार नेटवर्क जॅक, दोन एम.२, डिस्कांसाठी सहा साटा असं ज्या बोर्डावर दिसतं तिथे कुठेतरी काटकसर आहेच: सहापैकी बहुतेक साटा पोर्ट जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ अशा जोडचिपवरून येतात. डिस्का सगळ्या दिसतात, 'चालतं'. पण जेएमबी५८५ असली की प्रोसेसरला खोल झोप लागत नाही आणि ६ वॅटचं स्वप्न मीटरवर उतरत नाही. 'पॉवरटॉप'च्या आयडल स्टॅट्सच्या पानावर सी८ (खोल झोपेची एक पायरी) किंवा त्याखालचे आकडे कायम शून्य असतील तर कारण बहुधा असल्याच चिपमध्ये सापडतं. जागं कोण ठेवतंय? जोडचिप ठेवते.

वीज मोजायची तर हिशेब सोपा: १ वॅट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. दहा वॅटचा बोर्ड वर्षाला ८७.६ युनिट खातो, पन्नास वॅटवर निवांत बसलेला जुना डेस्कटॉप ४३८. वर सांगितलेल्या झोपमोडीच्या उपायांनी दोन-तीन वॅट वाढले तर वीसपंचवीस युनिट वर्षाला. रात्री थिजणाऱ्या राउटरपेक्षा ते स्वस्त पडतात. वॅटसाठी हट्ट धरून यंत्र अस्थिर ठेवणं हा शौक आहे, बचत नव्हे.

अॅडॅप्टरमध्ये मात्र काटकसर नको. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या दोन-चार सेकंदांत १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. दोन डिस्का म्हणजे ४ अँपिअर, बोर्डाचं वेगळं. ३ अँपिअरच्या अॅडॅप्टरवर यंत्र सुरू होताना डिस्क गुरगुरते, दिवा मिचकतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोक याला बायोसचा दोष समजतात. ५ अँपिअरचा चांगला अॅडॅप्टर लावला की भूत उतरतं. पिन ५.५ मिलिमीटरची असली तरी आतला खांब २.१ चा की २.५ चा हे पाहायचं. २.५ ची पिन २.१ च्या खांबावर बसते पण ढिली, आणि धक्का लागला की वीज तुटते.

इथवरच्या सगळ्या भांडणांच्या विरुद्ध टोकाला एक बोर्ड होता आणि त्याचा उल्लेख न करता हा विषय पुरा होत नाही. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचा एपीयू२. एएमडीचा चार कोरांचा १ गिगाहर्ट्‌झचा जीएक्स-४१२टीसी, इंटेलचे तीन नेटवर्क जॅक, पडद्याचा जोड नाहीच, आणि बायोसच्या जागी कोरबूट, म्हणजे फर्मवेअरसुद्धा बहुतांशी खुलं. त्यात चिपा त्याच निवडलेल्या ज्यांचे ड्रायव्हर आधीपासून सगळ्या खुल्या सिस्टिमांत होते. सुसंगतता नंतर तपासायची नसते, ती नकाशा काढतानाच घडवायची असते, हे या बोर्डाने दाखवलं. २०२३ मध्ये कंपनीने हा पसारा आवरता घेण्याची घोषणा केली, पण जुन्या बाजारात आणि कपाटांत हे बोर्ड अजून आहेत.

त्याच्याशी बोलायचं ते सिरियल केबलने. इथे नवखे हमखास अडतात. केबल नल-मोडेम (पाठवण्या-घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली) हवी, दोन्ही टोकांना मादी जोड असलेली. सरळ केबल लावली तर पडद्यावर काहीच येत नाही. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पडद्यावर काहीच नसेल तर केबल चुकली, अगम्य चिन्हांचा सडा पडत असेल तर वेग चुकला. एवढं लक्षात ठेवलं की अर्धा तास वाचतो. पुढची पायरी जास्त फसवी. कोरबूटचा मजकूर छान दिसतो, इन्स्टॉलर निवडला जातो आणि मग शांतता. बोर्ड अडकलेला नसतो, सिस्टिम नसलेल्या पडद्याशी बोलत असते. डेबियनला सुरुवातीच्या ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८' सांगावं लागतं. ओपनबीएसडीच्या बूटच्या चौकटीत आधी 'एसटीटीवाय कॉम० ११५२००' आणि मग 'सेट टीटीवाय कॉम०'. क्रम उलटा झाला तर ती ९६०० च्या वेगाने बोलायला लागते आणि पुन्हा तो अगम्य सडा.

याचा प्रोसेसर बोर्डाच्या पोटाशी आहे, त्याची उष्णता अॅल्युमिनियमच्या पट्टीतून पेटीच्या तळाला जाते. मधल्या उष्णतावाहक चकत्यांना दोन्ही बाजूंनी पातळ पारदर्शक कागद असतो. एक बाजूचा सगळे काढतात. दुसरा राहिला की बोर्ड चालतो, पण तापलेला चालतो, आणि एप्रिलच्या दुपारी विदर्भात तो कागद आपलं अस्तित्व दाखवतो.

जे१९०० वाल्यांचा एक सल अजून बाकी आहे. त्याला एईएस-एनआय, म्हणजे सांकेतिक लिपीकरणाची हार्डवेअर सोय, नाही. पीएफसेन्सने २०१७ मध्ये पुढच्या आवृत्तीला ती लागेल असं जाहीर केलं तेव्हा घबराट झाली, पुढे ती अट मागे घेतली गेली. तरी सत्य उरतंच: एईएस या लिपीकरणावर चालणारं ओपनव्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित बोगदा बांधणारा प्रोग्राम) या प्रोसेसरवर धापा टाकतं. तेच काम करणारं वायरगार्ड वापरा, ते चाचा२० या निराळ्या लिपीकरणावर चालतं आणि त्याला ही सोय लागतच नाही. डिस्क कुलूपबंद करायची असेल तर कर्नल ५.० पासून आलेलं अॅडिअँटम आहे. 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' एकदा चालवून आपल्या बोर्डाची कुवत आधी डोळ्यांनी बघावी.

आणि काही किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी. स्वस्त बोर्डांचा युईएफआय (बायोसची नवी पिढी) कधीकधी विंडोजशिवाय दुसऱ्या कुणाची नोंद ठेवत नाही. इन्स्टॉल नीट झालं आणि नंतर 'बूट डिव्हाइस नाही' आलं तर डेबियनचा इन्स्टॉलर 'रिमूव्हेबल मीडिया पाथ'वर ग्रब टाकू का असं जे विचारतो त्याला होय म्हणा. तापमान दाखवत नसेल तर 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा. सुपर आयओ आयटीईची असेल आणि लॉगमध्ये एसीपीआयशी (बोर्डाची वीज आणि साधनं सिस्टिमला सांगणाऱ्या सोयीशी) जागेची भांडणं दिसली तर 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' देता येतं, पण ते दोघांना एकाच दाराची किल्ली देण्यासारखं आहे; केवळ आकडा बघण्याच्या हौसेपोटी मी ते सुचवणार नाही. आणि एआरएमचे पत्त्याच्या कॅटएवढे बोर्ड या लेखात मुद्दाम घेतले नाहीत. तिथे चिपा स्वतःहून आपली ओळख सांगत नाहीत, डिव्हाइस ट्री नावाची यादी आधी लिहून द्यावी लागते, आणि बोर्ड नांदणार की नाही हे ती यादी मूळ कर्नलमध्ये पोचली की बनवणाऱ्याच्या जुन्या कर्नलमध्येच अडकली यावर ठरतं. तो वेगळ्या बैठकीचा विषय.

आपल्याकडचा खरा परीक्षक म्हणजे वीज जाणं. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्या अर्थाचं काहीतरी शोधून 'पॉवर ऑन' करायचं. नुसतं 'लास्ट स्टेट'वर विसंबू नये: यूपीएसने यंत्र नीट बंद केलं असेल तर शेवटची अवस्था 'बंद' हीच असते, आणि दिवे आल्यावर बोर्ड तिच्याशी प्रामाणिक राहतो. दुसरी वस्तू छोट्या नाण्याएवढी: बोर्डाचं घड्याळ जागं ठेवणारा सीआर२०३२ शेल. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. घड्याळ मागे गेलं की प्रमाणपत्रं 'अजून सुरूच झालेली नाहीत' असं ठरतं. राउटरवर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) टीएलएसमधून, म्हणजे प्रमाणपत्र तपासणाऱ्या कुलूपबंद वाटेने, जात असेल तर ते बंद पडतं. वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हरचं नाव शोधायचं तर डीएनएस हवं. वेळेअभावी नाव नाही, नावाअभावी वेळ नाही, आणि घरातले सगळे म्हणतात इंटरनेट गेलं. एखाद्या टाइम सर्व्हरचा थेट आयपी पत्ता सेटिंगमध्ये लिहून ठेवला की ही गाठ सुटते. शेल बदलला की ती पडतच नाही.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा. त्यावर बायोसची आवृत्ती, नेटवर्क चिपचे आठ अंक, कर्नलच्या ओळीत जे काही घातलं ते आणि का घातलं, अॅडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर, आणि शेल कधी घातला ती तारीख. साध्या पेन्सिलने लिहावं.